धरण भरलं की हरिपाठाला माणूस मिळत नाही

मांजराकाठ (धागाकर्ता)

राम कृष्ण हरी मंडळी.

बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते लिहितो. विषय अध्यात्माचा आहे, पण सुरुवात पाण्यापासून करावी लागेल. आमच्याकडं सगळंच तिथून सुरू होतं.

लातूरकरांना २०१६ सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: मार्चमध्ये शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी कलम १४४ लागलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. त्या साली आमच्या गावात झालेल्या अखंड हरिनाम सप्ताहाचं नाव लोक अजून काढतात. मंडप नाही, मारुतीपुढच्या लिंबाखालीच सगळं. पंगतीला घरटी पाच भाकरी गोळा करायच्या आणि एका कढईत आमटी. रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला वीणा घ्यायला माणसं नंबर लावून उभी. ज्याच्या घरी प्यायला पाणी नव्हतं तोही 'माझा पहारा हुकला' म्हणून हळहळायचा.

त्याच साली पावसाळ्याच्या शेवटी धो धो पडला, मांजरा धरण भरलं. बघता बघता ऊस परत उभा राहिला. ट्रॅक्टर आले, स्लॅबची घरं झाली, सप्ताहाला मोठा मंडप आला, एलईडी पडदा आला, टीव्हीवर दिसणारे कीर्तनकार आले. महाप्रसादाला आचारी आणि बुंदी.

आणि रात्रीच्या पहाऱ्याला माणूस नाही.

आता एका वारकरी संस्थेतली पोरं बोलावतात, त्यांना बिदागी ठरलेली. वीणा खाली टेकू द्यायची नाही हा नेम, तो काटेकोर पाळला जातो. फक्त ती वीणा परजिल्ह्यातल्या कोवळ्या पोराच्या गळ्यात, आणि गाव कूलर लावून झोपलेलं. एरवीच्या हरिपाठाला टाळांचे जोड दहा आणि माणसं चार, त्यातला एक माळकरी ऐंशीच्या पुढचा.

माणसं बिघडलीत असं मी म्हणत नाही. तीच माणसं आहेत. दारू पीत नाहीत, कुणाला फसवत नाहीत, वर्गणी मागितली तर तिप्पट देतात. नेमकं हेच मला जास्त धोक्याचं वाटतं. वाईट चाललेल्या माणसाला कळतं तरी की आपलं काहीतरी चुकतंय. बरं चाललेल्याला कोण सांगणार? संकट आलं की माणूस आकाशाकडं बघून विचारतो, 'माझ्याच वाट्याला का?' सुगी आल्यावर हाच प्रश्न विचारलेला एक माणूस मला दाखवा.

'बरे झाले देवा निघाले दिवाळे' असं तुकोबा म्हणाले. तसं म्हणायची माझी छाती नाही, कर्ज आहे बँकेचं. म्हणून विचारतो: दिवाळं न निघता जागं राहता येतं का? येत असेल तर कसं?

बाभूळबन

+१. आमच्याकडं कीर्तन अर्ध्यावर आलं की निम्मी गर्दी उठून मोटारसायकलला किक मारते. देणगीदारांची यादी वाचायला लागले की तीच गर्दी परत येऊन बसते.

ठिबकवाला

अध्यात्म राहू द्या. उसाला ठिबक करा, पुण्य आपोआप लागेल.

चुलीपुढची

मांजराकाठ दादा, लिहिलंय छान, पण एक बोलते, राग मानू नका.

२०१६चा तो सप्ताह तुम्ही लिंबाखालून बघितला. आम्ही टँकरपाशी होतो. कलम १४४ कशाला लागलं? लोक अभंग म्हणत होते म्हणून? शहरात आमच्या गल्लीत दोन सख्ख्या जावा पाइपवरून भांडल्या त्या पुढचं वर्षभर एकमेकींशी बोलल्या नाहीत. गच्चीवरच्या काळ्या टाकीच्या झाकणाला साखळी आणि साखळीला पितळी कुलूप मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. किल्ली सासऱ्याच्या जानव्याला. पाहुणा येणार म्हणून फोन आला की बायकांच्या पोटात गोळा यायचा, कारण पाहुणा म्हणजे दोन बादल्या. दुष्काळ माणसाला देवाच्या दारी नेतो हे कुणाकुणाचं खरं असेल, पण तो माणसाला शेजाऱ्याच्या उरावरही बसवतो.

आणि त्या घरटी पाच भाकरी थापल्या कुणी? पीठ मळायला पाणी कुणी आणलं? पहाऱ्याला नंबर लावायला माणूस मोकळा होता, कारण घागरीच्या नंबराला त्याची बायको उभी होती.

सुबत्तेत माणूस सुस्तावतो हे मात्र मला मान्य आहे. फक्त मला ते देवळात कमी दिसतं, मोरीत जास्त. आता घरोघर आरओ बसलेत. एक लिटर चांगल्या पाण्यामागं दोन-तीन लिटर पाणी बारक्या नळीतून सरळ गटारात जातं. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालणाऱ्या याच बायका. आता त्या नळीकडं कुणी बघत नाही. माझ्या सासूबाई तेवढ्या ती नळी बादलीत सोडतात, बादली भरली की त्याच पाण्यानं फरशी पुसतात. घरातली पोरं हसतात त्यांना. सासूबाई हरिपाठाला आयुष्यात गेल्या नाहीत. आता बोला.

मांजराकाठ

ताई, पिठाच्या पाण्याला माझ्याकडं उत्तर नाही. पण तुमच्या सासूबाईंचंच उदाहरण घेऊ. पाणी मुबलक, कुणाची सक्ती नाही, वर पोरं हसतात. तरी त्यांचा हात सुटत नाही. हे त्यांना कसं जमलं तेच मला हवंय. हरिपाठ गेला चुलीत म्हणा हवं तर. (हे आमच्या माळकरी आजोबांना वाचून दाखवणार नाही.)

पिवळं सोनं

सोयाबीनचं सांगतो, म्हणजे अध्यात्म आपोआप कळेल.

ऑगस्ट २०२१ ला लातूरच्या आडतीवर सोयाबीन दहा हजाराच्या वर गेलं. त्या साली जाहीर झालेला हमीभाव ३,९५०. खरं तर तोवर बहुतेकांनी माल विकून टाकला होता, ज्याच्या घरात थप्पी शिल्लक तोच राजा. पण टपरीवरचा रुबाब बघायला पाहिजे होता! ज्यानं पाच हजारानं विकलं होतं तोसुद्धा 'मी म्हणलोच होतो' म्हणून मिशीला पीळ देत होता. पुढचे हंगाम लोक थप्प्या लावून बसले, दहा हजार परत येणार म्हणून. उंदरांनी खाल्लं, घट आली, पण कट्टे हलले नाहीत. २०२४ ला हमीभाव ४,८९२ झाला आणि आडतीवर तेवढाही मिळेना. मग त्याच टपरीवर, 'सरकारनं मारलं.'

सरकारनं मारलं यात खोटं काही नाही, त्यावर वेगळा धागा काढा, मी तिथं दहा पानं लिहीन. पण भाव चढला तेव्हा 'सरकारनं तारलं' किंवा 'देवानं दिलं' कुणी म्हणल्याचं आठवत नाही. चढला तर अक्कल माझी, पडला तर पाप दुसऱ्याचं.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी माणसाचं बोलणं दिलंय. आज हे मिळवलं, उद्या ते मिळवीन, माझ्यासारखा दुसरा कोण आहे. लहानपणी वाटायचं असुर म्हणजे शिंगं आणि सुळे. हा तर आमच्या टपरीवर उधारीचा चहा पिणारा, चांगला ओळखीचा माणूस निघाला.

बाभूळबन

उधारीचा चहा 😂

देवगिरीकर

आमच्या भागातली गोष्ट इथं यायलाच हवी.

१२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. शेवटी माउलींनी त्या वेळच्या राजाचा उल्लेख केलाय: यदुवंशाचा विलास, कलांचं माहेर, न्यायानं राज्य चालवणारा श्रीरामचंद्र. म्हणजे देवगिरीचा रामदेवराव यादव. राज्य संपन्न, विद्वानांना आश्रय, बाजारपेठ भरलेली. आणि किल्ला असा की आजही वर चढताना अंधारी, म्हणजे आतला काळोखा भुयारी रस्ता, संपेपर्यंत बोलणं बंद होतं. उभा तासलेला कडा, खाली खंदक.

सहाच वर्षांनी, १२९६ ला, उत्तरेतल्या गंगेकाठच्या कडा प्रांताचा सुभेदार अलाउद्दीन खिलजी थोडक्या घोडदळानिशी थेट देवगिरीपुढं उभा राहिला. विंध्य ओलांडून इतक्या दूर कुणी येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मोठी फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर. राजा किल्ल्यात शिरला. तिथंही फारशी चिंता नव्हती, किल्ला हल्ल्यानं पडणारा नव्हताच. मग कोठारातली पोती उघडली. इतिहासकार फेरिश्ता सांगतो की घाईघाईत धान्य म्हणून वर चढवलेल्या पोत्यांत मीठ निघालं. तह करावा लागला. १३०८ ला अलाउद्दीनचा सरदार मलिक काफूर आला आणि १३१८ पर्यंत यादवांचं राज्य संपलं.

राजा दुष्ट नव्हता, हे मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं. खुद्द ज्ञानेश्वरीत ज्याच्या न्यायाचं कौतुक आहे असा माणूस. मांजराकाठ म्हणतात तसा 'बरं चाललेला'. पोतं उघडून बघायची गरजच त्याला कधी पडली नव्हती.

गोणपाट

देवगिरीकर, फेरिश्ता या घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहितोय. मिठाची गोष्ट मीठमसाला असू शकते.

देवगिरीकर

असू शकते, म्हणूनच 'फेरिश्ता सांगतो' लिहिलं. फौज बाहेर होती आणि राजा बेसावध सापडला, याबद्दल मात्र वाद नाही.

सीनाकाठ

धागा वाचून हसू आलं. धरण भरणं म्हणजे सुबत्ता, हे ठरवलं कुणी? परांड्याकडं या. २०२५च्या सप्टेंबरात नदी शेतात शिरली आणि काळी माती खरडून घेऊन गेली. आता खाली मुरूम उघडा पडलाय, नांगर लावला तर ठिणग्या उडतात. त्याच्या आधी बांधावर उभं राहून 'यंदा पाऊस चांगलाय' म्हणत आम्ही सगळ्यांनी फोटो टाकले होते. धरण किती टक्के भरलं याचे तर रोज मेसेज. ओढ्यात अतिक्रमण कुणी केलंय, नाल्याचं तोंड कुणी बुजवलंय, हे चार वर्षं माहीत होतं सगळ्यांना. पिकं चांगली येत होती, मग भांडण कशाला उकरा.

चुलीपुढची

सीनाकाठ, वाचून गलबललं. माती भरून मिळाली का काही?

सीनाकाठ

थोडी. तळ्यातला गाळ आणून टाकतोय. विषय भरकटायला नको, चालू द्या.

बालाघाटी

नवसाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

तुळजापूर आमच्यापासून जवळ. लहानपणापासून घरात नवसाची पद्धत आहे. बोअरला पाणी लागू दे, पोरगी नांदू दे, पोराचा मेडिकलला नंबर लागू दे. (लातूरच्या क्लासच्या निकालाच्या दिवशी आईच्या दारात किती गाड्या असतात ते एकदा बघून या.) काम झालं की खणानारळानं ओटी, साडीचोळी, घरी जागरण-गोंधळ, पाहुण्यारावळ्यांना जेवण. दिलेला शब्द पाळायचा, देवीचं बाकी ठेवायचं नाही. यात खोट काढायला जागा नाही.

पण नवस फिटला की काय होतं ते सांगतो. घेणं-देणं मिटलेलं असतं. सावकाराचा कागद फाडल्यावर त्याच्या गल्लीतून जायचं कारण उरत नाही, तसं. पोरगा डॉक्टर झालेला माणूस मला ठाऊक आहे. त्याचा गोंधळ असा झाला की चार गावं जेवली. त्यानंतर आईच्या दर्शनाला त्याची पावलं वळली नाहीत आणि त्याला त्यात वावगंही वाटत नाही. विचारलं तर म्हणतो, 'सगळं फेडलंय की!'

खरंच फेडलंय. म्हणूनच त्याला जागं करायला कुणाला काही निमित्त नाही.

मांजराकाठ

बालाघाटी, हे लई नेमकं बोललात. सप्ताहाची वर्गणीही अशीच झालीय. तिप्पट पैसे देणारा माणूस मनात म्हणतो, माझा पहारा मी दिला.

अत्तदीप

मी नांदेडचा, बौद्ध. वेगळ्या कोनातून लिहितो.

पहिली गोष्ट, दुष्काळाचं गुणगान आम्हाला पटत नाही. पोटाला चिमटा घेतला की मन शुद्ध होतं, हा उपदेश बहुतेक वेळा भरल्या पोटाचे लोक दुसऱ्याला करतात. सिद्धार्थानं उपास करून शरीर झिजवून बघितलं आणि तो मार्ग सोडला, खीर खाल्ली, मग बोधीला बसला. तेव्हा सुबत्ता आली याचं वाईट वाटून घेऊ नका. आमच्या आजोबांनी ७२च्या दुष्काळात खडी फोडली. नातवानं एसीत बसावं म्हणूनच फोडली.

आता धोक्याचं. धम्मपदाचा दुसरा वर्ग पूर्ण याच विषयावर आहे. अप्रमाद म्हणजे सावधपणा हा अमृताचा मार्ग, प्रमाद हा मृत्यूचा. प्रमादी माणसं जिवंत असून मेल्यासारखी. महापरिनिर्वाणाच्या वेळचा तथागतांचा शेवटचा उपदेशही तोच: संस्कार, म्हणजे घडलेली प्रत्येक गोष्ट, नाशवंत आहेत, अप्रमादानं आपलं कार्य पूर्ण करा. श्रीमंत-गरीब हा भेदच त्यात नाही.

आमच्यातला प्रमाद कुठं दिसतो ते सांगतो, दुसऱ्याच्या सप्ताहाकडं बोट दाखवून मोकळं होणं बरं नाही. १९५६च्या मार्चमध्ये आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या लोकांबद्दल खंत बोलून दाखवली होती. ती आजही तशीच लागू आहे. आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. ऐकायला येणाऱ्या बहुतेक मोलकरणी, बांधकामावरच्या बाया आणि दोन रिटायर शिपाई. त्याच वस्तीतून शिकून वर गेलेले आम्ही लोक शहराच्या नव्या भागात फ्लॅटमध्ये. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती पितळेची, खाली निळा लाइट. पाहुणे विचारतात कुठून आणली, किती पडले. वस्तीतल्या विहाराचं छत गळतंय हे आम्हाला व्हॉट्सॲपवर कळतं आणि आम्ही हात जोडल्याचं चित्र पाठवतो.

पिवळं सोनं

निळ्या लाइटवर माझ्या घरात आत्ताच चर्चा झाली. आमच्याकडं विठोबाच्या मागं आहे, पिवळा.

ठिबकवाला

मंडळी, चेष्टा बाजूला ठेवून विचारतो. सगळे दुखणं सांगतायत. मांजराकाठनी विचारलं होतं, कसं जागं राहायचं? त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

बाभूळबन

घ्या, ठिबकवाले अध्यात्मात आले.

खुल्दाबादी

मी प्रयत्न करतो. आमच्याकडची पद्धत सांगतो, पटलं तर घ्या.

कुरआनात सूरह अलकमध्ये आहे की माणूस मर्यादा ओलांडतो, कारण त्याला वाटतं आपल्याला कुणाची गरज नाही. रोग तोच, तुम्ही सगळे वर लिहिताय तो. मला भावतं ते पुढचं. यावर इलाज म्हणून माणसाच्या मनावर भरवसा ठेवलेला नाही. 'कृतज्ञ राहा' एवढं सांगून सोडलेलं नाही. मन सुगीत झोपणार हे धरूनच चाललंय. म्हणून जकात, म्हणजे गरजूंसाठी काढायचं सक्तीचं दान. निसाबाच्या वर, म्हणजे साधारण ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीच्या वर, बचत वर्षभर राहिली की तिच्यातला चाळिसावा हिस्सा काढायचा. तुम्हाला भरून आलंय का, वर्ष कसं गेलं, हा प्रश्नच नाही. माझे वडील शाबानच्या, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्याच्या, शेवटी वही घेऊन बसायचे. दागिने, उधारी, दुकानातला माल. आम्हा पोरांना बाजूला बसवून बेरीज करायला लावायचे. मोठं व्हायच्या आधी कळलं की घरात जे आहे त्यातलं सगळं आपलं नाही.

बालाघाटींनी नवसाचं लिहिलं. इथं फेडून मोकळं होता येत नाही, पुढच्या वर्षी वही परत उघडते.

अर्थात याचीही पळवाट निघते. वर्ष भरायच्या आधी सोनं बायकोच्या नावावर करणारे आमच्यातही आहेत.

चुलीपुढची

भाईजान, शेतीच्या मालावर पण असतं का हे?

खुल्दाबादी

असतं ताई, त्याला उश्र म्हणतात. पीक घरात आलं की लगेच काढायचा, वर्षभर थांबायचं नाही. पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा. विहीर, मोट, पंप असं खर्चून पाणी दिलेलं असेल तर विसावा.

पिवळं सोनं

थांबा. कोरडवाहूवाल्यानं जास्त द्यायचं? बागायतदारानं कमी? हे उलटं झालं की!

खुल्दाबादी

मलाही आधी तसंच वाटलं होतं. आमचे मौलाना म्हणाले, जे पाणी तू आणलंच नाहीस, त्याच्यावर तुझा हक्क कमी. विहिरीला तुझा घाम आणि पैसा लागला, म्हणून तिथं सूट. पीकच आलं नाही तर काहीच नाही.

सीनाकाठ

हे आवडलं. म्हणजे चांगल्या पावसाचं वर्ष सगळ्यात महाग.

मांजराकाठ

आमच्या पट्ट्यात धरणाचा कालवा आहे. ते पाणी ना माझ्या विहिरीचं, ना थेट आभाळातून पडलेलं. ते कशात धरायचं?

खुल्दाबादी

आलिमला, म्हणजे धर्माच्या जाणकाराला, विचारून पक्कं सांगतो. मला वाटतं पाणीपट्टी भरत असाल तर विसावा.

ठिबकवाला

आणि भरत नसेल तर? 😄 मांजराकाठ, उत्तर द्या, पळू नका.

मांजराकाठ

दोन वर्षांची थकली आहे. या आठवड्यात पाटकऱ्याला गाठतो.